ओला कोपरा

भूकंपाचं त्या वस्तीला कौतुक नव्हतं. वर्षातून चार-पाचदा जमीन हलायची, फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायची, कुत्री भुंकायची आणि माणसं हातातलं काम पुढे चालू ठेवायची. रोज मरे त्याला कोण रडे! पण त्या उन्हाळ्याच्या तोंडावर बसलेला धक्का निराळा होता. चावीवाल्याच्या घराची मागची भिंत कोपऱ्यात उकलली. त्याची बायको सासूला पाठुंगळी घेऊन बाहेर पळाली आणि अंगणातच मटकन बसली, कारण त्यापुढे तिचे पाय चालेनात. आणि वर, वस्तीच्या उशाशी असलेल्या खाणीच्या बांधाला माथ्याच्या कडेनं फट पडली. हात घातला तर कोपरापर्यंत आत जावा, एवढी.

घराची भिंत उकलली तर माणूस माती कालवतो आणि लिंपून घेतो. बांध उकलला तेव्हा खाणीनं कामच बंद केलं.

हा बांध म्हणजे पाण्याचं धरण नव्हे. खाणीतला दगड कारखान्यात पिठासारखा दळायचा, त्यातला धातू काढून घ्यायचा आणि उरलेला चोथा पाण्याबरोबर पाइपातून वर सोडायचा. तो राखाडी गाळ अडवायला हा बांध. गाळ भरत आला की त्याच गाळावर, आतल्या अंगाला, आणखी एक पायरी चढवायची. म्हणजे पुन्हा जागा झाली. असं चढवता चढवता बांध एवढा उंच झाला होता की वस्तीवर ऊन उशिरा यायचं. माथ्यावरून मोठा पाइप गेला होता, त्याला ठरावीक अंतरावर तोंडं आणि प्रत्येक तोंडाला चावी. त्या चाव्या पाळीपाळीनं उघडायच्या आणि बंद करायच्या, हे चावीवाल्याचं काम. त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं, आणि तेव्हाही तो पटकन 'ओ' द्यायचा नाही.

काम बंद म्हणजे हजेरी बंद. वस्तीनं आधी भिंती लिंपल्या, मग पत्र्यांना खिळे मारले, आणि करायला काही उरलं नाही तेव्हा एकमेकांशी भांडून घेतलं. मग एक दिवस खाणीच्या जीपमधून इंजिनिअर मॅडम उतरल्या. बांध नव्यानं कसा करायचा ते त्या ठरवणार होत्या. पायात पुरुषी बूट, उन्हानं सोललेलं नाक, आणि डबासुद्धा उभ्यानं खाणार. वस्तीतल्या बायकांनी तिला लांबूनच निरखलं आणि 'हिच्या घरी कोणी आहे की नाही' एवढाच प्रश्न काढला.

मॅडमनी माणसं गोळा करून सरळ सांगितलं, "गाळावर पायरी चढवणं आता बंद. ओला गाळ वरून घट्ट दिसतो, पण जमीन हलली की दही मोडावं तसा मोडतो. त्याच्यावर उभं राहिलेलं सगळं खाली येतं. बांध आता बाहेरच्या अंगानं रुंद करायचा. पायथ्यापासून, दगड-मातीनं, थर दाबत दाबत."

"बाहेरच्या अंगाला आम्ही राहतो," मुकादम म्हणाला.

"माहीत आहे."

"किती रुंद?"

"आत वाळू असेल तिथं थोडा. गाळ असेल तिथं भरपूर. भोकं पाडली की कळेल."

थोडा म्हणजे वस्तीच्या अलीकडे. भरपूर म्हणजे वस्तीवरून. हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. माणसं मान खाली घालून घरी गेली. चावीवाला सगळ्यात मागे राहिला, कारण गाळ कुठं आहे ते त्याला भोकं न पाडताच माहीत होतं.

त्याचं असं होतं. पाइपाच्या तोंडातून गाळ पडला की जड वाळू बांधाशीच बसते आणि पातळ चिखल-पाणी लांब मागे वाहत जातं. म्हणून सगळ्या चाव्या पाळीपाळीनं चालवायच्या, म्हणजे बांधाच्या आतून वाळूचा घट्ट काठ तयार होतो. हे चावीवाल्याला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, आणि ते अवघडही नव्हतं. पण वाळू उन्हात वाळते. वाळली की वाऱ्यावर उडते, आणि वारा रोज वस्तीकडेच वाहायचा. पिठात धूळ, अंथरुणात धूळ, तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत धूळ. चावीवाल्याच्या आईला दम लागायचा. ती भिंतीला टेकून बसायची आणि तिच्या छातीतून असा आवाज यायचा की शेजारी जेवता जेवता थांबत. एकदा बायकोनं ताट त्याच्यासमोर ठेवलं, त्यावर बोट फिरवून दाखवलं आणि म्हणाली, "हे तुम्ही वरून पाठवता आणि मी खाली वाढते."

त्या दिवसापासून त्यानं वस्तीच्या डोक्यावरच्या चाव्या बंद ठेवल्या. तिथं वाळू पडली नाही. मागचं पाणी हळूहळू पुढे सरकलं आणि थेट बांधाला येऊन टेकलं. ओल्या जागेतून धूळ उडत नाही. म्हातारी निजू लागली. शेजारणी येऊन बायकोला म्हणाल्या, तुझा नवरा देवमाणूस. बाकीच्या पाळ्यांवरच्या माणसांची घरंही तिथंच होती. त्यांनीही चाव्या तशाच ठेवल्या. मुकादमानं बघून न बघितल्यासारखं केलं, कारण त्याच्या घरीही ताटं होती. पुढे बांधावर पायरी चढली, आणखी एक चढली. वस्तीच्या बरोबर वर त्या पायऱ्या चिखलावर उभ्या होत्या.

धक्क्यानंतर मागचं पाणी उपसून काढलं होतं. ओला कोपरा वरून वाळला, त्यावर इकडची तिकडची वाळू उडून बसली, आणि आता तो चारचौघांसारखा दिसत होता.

भोकं पाडायला माणसं हवी होती, त्यात चावीवाल्याची वर्णी लागली. काम सोपं, पण जीव काढणारं. तीन पायांवर उभं केलेलं मशीन, खाली लोखंडी सळी आणि तिच्या माथ्यावर पडणारा जड हातोडा. घाव पडला की सळी बोटभर आत जायची. मॅडम शेजारी उकिडव्या बसून घाव मोजायच्या आणि सळीच्या टोकाच्या पोकळ नळीतून आलेली माती बोटांत चोळून बघायच्या. चावीवाला खांद्यावरून सळ्या वाहायचा. तापलेलं लोखंड सदऱ्यातून चटका द्यायचं. दुपारपर्यंत त्याच्या खांद्यावर लाल वळ उठायचे, आणि घरी गेल्यावर बायको त्यावर ओलं फडकं ठेवायची.

पलीकडच्या टोकाला सळी हट्टानं अडून बसत होती. "वाळू आहे, चांगली," मॅडम म्हणायच्या, आणि संध्याकाळी ती बातमी चावीवाल्याच्या आधी वस्तीत पोहोचायची.

भोकांची रांग सरकत सरकत वस्तीच्या बाजूला आली. मुकादम त्याला पाण्याच्या टाकीआड घेऊन गेला.

"मशीन भाड्याचं आहे. उद्या-परवा जाणार. राहिलीत ती भोकं शंका असेल तिथंच घेणारेत."

"मग?"

"मग काय? शंका येऊ द्यायची नाही. तुला विचारतील. चाव्या तुझ्या हातात होत्या."

"तुलाही माहीत होतं."

"मला खूप काय काय माहीत असतं," मुकादम म्हणाला. "म्हणून तर मी मुकादम."

दुपारी मॅडमनी खरंच विचारलं. त्या टोपीनं वारा घेत माथ्यावर उभ्या होत्या. खाली वस्तीतले पत्रे चमकत होते, आणि चावीवाल्याला स्वतःच्या अंगणात वाळत घातलेलं आईचं लुगडं दिसत होतं.

"दादा, इथल्या चाव्या बाकीच्यांसारख्याच चालायच्या ना? पाळीपाळीनं?"

तोंडानं खोटं बोलणं त्याला जमलं नसतं. त्यानं मान हलवली. मॅडम थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं. आज पुरे."

घरी आला तेव्हा बायको मागची भिंत लिंपत होती. पहिलं लिंपण वाळून पुन्हा तडकलं होतं. कोपरापर्यंत तिचे हात मातीत होते. हे घर तिनं उभं केलं होतं. तो पाळीवर जायचा आणि ती एकेक वीट थापायची. लेकीच्या वेळी दिवस गेलेले असतानाही थापत होती. लेक आता सासरी होती आणि फोनवर तिथूनच जीव टाकत होती.

"विचारलं?" तिनं मागे न बघता विचारलं.

"विचारलं."

"मग?"

"मान हलवली."

"कुठली मान? हो म्हणायची की नाही म्हणायची?"

"हो म्हणायची."

तिनं हातातला गोळा भिंतीवर आपटला. तो चिकटला नाही, खाली पडला. मग ती तिथंच बसली.

"म्हणजे घर राहिलं," ती म्हणाली.

"राहिलं."

"आणि बांध? तोही तसाच राहिला?"

आतून म्हातारी ओरडली, "काय कुजबुज चाललीये? मला कुठं हलवायचं म्हणत असाल तर सांगून ठेवते. मी मेल्यावर न्या."

"मेल्यावर नेणं सोपंच आहे हो," बायको म्हणाली. "जिवंतपणी नेताना माझी कंबर मोडली. अंगणापर्यंत आणलं तुम्हाला, त्यापुढे एक पाऊल नाही झालं माझ्याच्यानं." मग आवाज उतरवून नवऱ्याला म्हणाली, "त्या दिवशी मी अंगणात बसून वर बघत होते. म्हटलं, आला तर आला. पळायचं त्राणच नव्हतं. तुम्ही पाळीवर होता, तुम्हाला काय माहीत? घर राहील, पण आतली माणसं घेऊन मी किती लांब पळू?"

"मग मी काय करायला हवं होतं? धूळ खाऊ द्यायची होती आईला?"

"मी तसं म्हणाले का?"

"तूच ताटावर बोट फिरवलंस."

"फिरवलं. पुन्हा फिरवीन. धूळ होतीच ना?" तिनं खाली पडलेला मातीचा गोळा उचलला. "तुम्ही आमच्यासाठी केलंत, ते मला कळतं हो. म्हणूनच जास्त लागतंय."

दोघंही दमलेले होते. भांडायलाही अंगात बळ लागतं. तिनं हात धुतले आणि चूल पेटवली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, एवढं ती चुलीकडे बघत बोलली.

सकाळी ती त्याच्याबरोबर निघाली. त्यानं एकदा 'कशाला' विचारलं, तिनं उत्तर दिलं नाही. बांधाचा चढ खडा होता. ती मध्ये दोनदा गुडघ्यांवर हात टेकून थांबली. वर पोचून बघतात तर मशीनचे तीन पाय ओल्या कोपऱ्यावरच रोवले होते.

मॅडम म्हणाल्या, "काल तुमची मान हलली, पण डोळे खाली वस्तीत होते. मी तिथं राहत असते तर माझेही असते. म्हणून मशीन इथं लावलं."

चावीवाल्याचे कान तापले. बायकोनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि एका दमात सांगून टाकलं, "मॅडम, इथल्या चाव्या चालतच नव्हत्या. पाणी इथंच साचू दिलं होतं. धूळ फार यायची, सासूबाईंना दम लागायचा. मी सांगितलं म्हणून यांनी बंद केल्या. काय ते माझ्या नावावर लिहा."

मुकादम मागे उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

मॅडमनी हात केला, माणसांनी सळी उभी केली. हातोडा अजून वरच होता. सळी आपल्याच वजनानं खाली जाऊ लागली. कुणी घाव घातला नाही. ती सरळ, सावकाश, आवाज न करता गेली. दुसरी सळी जोडली, तीही गेली. वस्तीच्या डोक्यावर आपण इतकी वर्षं कशावर उभे होतो ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. मशीनवरचा एक माणूस नकळत चार पावलं मागे सरला.

"देवा," चावीवाल्याची बायको म्हणाली.

मॅडमनी टोपी काढली. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. "हे भोक मला एवढ्याच जागेचं सांगतं. ओलं कुठून कुठपर्यंत होतं ते कोण सांगणार? मशीन उद्या जातंय. चुकून एक चावी कमी धरली तर तिथं बांध अरुंद राहील, आणि तिथंच फुटेल."

हे सांगणं म्हणजे स्वतःचंच नव्हे, अख्ख्या रांगेचं घर पाडणं होतं. चावीवाल्यानं मुकादमाकडे बघितलं. मुकादम लांब डोंगराकडे बघत होता. मग चावीवाला पाइपाच्या कडेनं चालू लागला आणि प्रत्येक बंद चावीवर हात ठेवत गेला. "ही," तो म्हणायचा. "ही. आणि ही." मॅडम मागून चुन्यानं खूण करत होत्या. वस्तीतून माणसं वर बघत उभी होती. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत तो चालला, आणि प्रत्येक चावीखाली कुणाचं छप्पर आहे ते त्याला न बघता माहीत होतं. शेवटची चावी मुकादमाच्या घरावरची होती. तिच्यावर हात ठेवताना त्याला वाटलं, आता एक तरी माणूस येऊन आपल्याला थोबाडीत मारेल तर बरं. कुणी आलं नाही.

नंतर मात्र सगळी आली. देवमाणसाचा एका दिवसात घरभेदी झाला. शेजारीण भर रस्त्यात म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, पण नवऱ्याच्या हातालाही नाही?"

"चाव्या बंद ठेवा म्हणून माझ्याआधी कोण आलं होतं त्यांना सांगायला?" बायकोनं विचारलं. "लेकराच्या डोळ्यांत धूळ जाते म्हणून कोण रडलं होतं?"

शेजारीण तोंड फिरवून चालती झाली, आणि त्या दिवसापासून तिनं बोलणं सोडलं ते सोडलंच. चावीवाल्याला सगळ्यांच्या रागापेक्षा मुकादमाच्या रागाचं जास्त वाईट वाटलं, कारण तो हजेरीच्या वेळी त्याचं खरं नाव घेईनासा झाला. नुसतं बोट दाखवायचा.

खाणीनं समोरच्या उतारावर पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या. चावी पुन्हा त्याच्या हातात मिळणार नव्हती, हे न सांगता ठरलं होतं. त्याला मजुरांत घेतलं, बायकोलाही घेतलं. सामान हलवायचं त्या दिवशी म्हातारीला खुर्चीवर बसवून एका बाजूनं त्यानं आणि एका बाजूनं बायकोनं उचललं. उतारावर तिघंही धापा टाकत होती.

"मेल्यावर न्यायला चौघं लागतात," म्हातारी वरून म्हणाली. "मी दोघांत भागवलं. बघा किती स्वस्तात पडले."

बायकोला हसू फुटलं, आणि हसता हसता तिची पकड सुटली. खुर्ची टेकवून ती बाजूच्या दगडावर बसली आणि रडली. म्हातारीनं हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. चावीवाला दोघींकडे पाठ करून उभा राहिला.

मग काम सुरू झालं. बुलडोझरनं घरं एका फेरीत जमीनदोस्त केली. बांधायला जन्म गेला होता, पाडायला जेवणाची सुट्टीही लागली नाही. मॅडम रोज सकाळी चालत यायच्या आणि तेच सांगायच्या. पायथ्याला आधी खडीचा थर, बांधातलं पाणी त्यातून निघून जावं म्हणून. त्या थराखाली चिकणमातीचं एक ढेकूळसुद्धा राहता कामा नये. पाणी तिथं तुंबतं, आणि तुंबलं की पुन्हा तेच. म्हणून घरांच्या जमिनी खणून काढायच्या होत्या. जिथं बुलडोझर वळत नव्हता तिथं माणसं लावली, टिकाव आणि फावडं देऊन. बाया घमेल्यांनी माती वाहत होत्या.

टिकाववाली माणसं बाहेरगावाहून आणली होती. त्यांना वस्ती माहीत नव्हती. रांगेतल्या एका जागी एक तरणा गडी टिकाव मारमारून घामाघूम झाला. टिकाव जमिनीवरून नुसता उडत होता आणि हाताला झिणझिण्या येत होत्या. बाकीच्या जमिनी भुसभुशीत निघाल्या होत्या, ही दगडासारखी. त्यानं टिकाव टाकला आणि कमरेवर हात ठेवून ओरडला, "अरे, कुणी केली ही जमीन? काही कामधंदा नव्हता का त्या माणसाला? एवढी चोपून ठेवलीये!"

चावीवाला फावड्यावर रेलून उभा होता, तो ताठ झाला. त्याला त्या पोराच्या अंगावर धावून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी कुठंतरी तोंड लपवावंसंही वाटलं. मुकादमसुद्धा चालता चालता थांबला.

बायकोनं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं.

"मी केली," ती म्हणाली.

गडी ओशाळला. "मावशी, मला माहीत नव्हतं..."

"तुला कसं माहीत असेल?" तिनं त्याचा टिकाव उचलला. "मधून नाही फुटायची ती. मध्ये मी रोज चोपायचे. दारापाशी बघ, येऊन जाऊन झिजलीये. इथून सुरुवात कर."

आणि दार होतं त्या जागी उभं राहून तिनं पहिला घाव घातला.